कपडा आधी उलटा करून पाहावा

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये वापरलेल्या कपड्यांविषयीचे प्रश्न इतके होते की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. काही पत्रे संक्षिप्त केली आहेत. आशय मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

प्रश्न : ताई, मी एका संशोधन संस्थेत काम करते. मला कपड्यांची मनापासून आवड आहे आणि गेली चार वर्षे माझे बहुतेक कपडे सेकंडहँड असतात. परवा एक सहकारी म्हणाली, "तुझ्यासारखी हुशार बाई असल्या गोष्टीत वेळ घालवते याचे नवल वाटते." ती वाईट हेतूने बोलली नसेल, पण तेव्हापासून आरशासमोर उभे राहतानाही अपराधी वाटते. कपड्यांवर प्रेम करणे हे उथळपणाचे लक्षण आहे का?

उत्तर : नाही, आणि हे मी तुमची समजूत काढण्यासाठी म्हणत नाही. तुमच्या सहकारी बाईंच्या मनात जो आक्षेप आहे तो जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे, पण तो तुम्हाला लागू पडत नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये असे मांडले होते की श्रीमंत वर्गाचा पोशाख हे खर्चाचे जाहीर प्रदर्शन असते, आणि पोशाख इतका अडचणीचा असावा लागतो की तो घालणाऱ्याला काम करावे लागत नाही हे पाहणाऱ्याला कळावे. त्यानंतर पाचच वर्षांनी गेऑर्ग झिमेल या जर्मन विचारवंताने फॅशनचे वर्णन दोन विरुद्ध ओढींचा मेळ असे केले : माणसाला चारचौघांसारखे दिसायचे असते आणि चारचौघांत वेगळेही दिसायचे असते. दोघांचेही म्हणणे मला पटते. परंतु चार वर्षे इतरांनी टाकून दिलेल्या कपड्यांतून जी स्त्री स्वतःसाठी निवड करते, तिच्या बाबतीत खर्चाच्या प्रदर्शनाचा प्रश्नच उरत नाही. आणि कोणासारखे दिसायचे हे सांगणारा चालू हंगामही तेथे नसतो, कारण सेकंडहँड दुकानातल्या एकाच दांडीवर वीस वेगवेगळ्या वर्षांचे कपडे खांद्याला खांदा लावून टांगलेले असतात. अशा ठिकाणी निवड करायची तर फक्त स्वतःची नजर कामाला येते, आणि नजर तयार होणे ही कोणत्याही विषयात वेळ घेणारी, गंभीर गोष्ट आहे.

२००५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या पोशाख विभागाने आयरिस ॲप्फेल यांच्या कपड्यांचे आणि दागिन्यांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या. त्या फॅशन डिझायनर नव्हत्या. अंतर्गत सजावट आणि कापड हा त्यांचा व्यवसाय होता. नामांकित डिझायनरच्या जाकिटावर जुन्या बाजारातली स्वस्त माळ घालणे त्यांना सहज जमत असे. त्यांनी स्वतः क्वचितच काही शिवले असेल, तरीही एका मोठ्या संग्रहालयाला त्यांची निवड लोकांपुढे मांडण्याजोगी वाटली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

माझ्याकडे एक राखाडी लोकरी कोट आहे, सेकंडहँड घेतलेला. त्याच्या चार बटणांपैकी तीन यंत्राने लावलेली होती. खालून दुसरे मात्र कोणीतरी हाताने लावले आहे, आणि तेही गडद हिरव्या दोऱ्याने, कारण बहुधा त्या दिवशी घरात राखाडी दोरा नसावा. बटणाखाली दोऱ्याचे वेढे देऊन उंच देठ केला आहे, म्हणजे जाड कापड त्याच्याखाली चुरगळणार नाही. आणि आतल्या बाजूला आधारासाठी शर्टाचे छोटे पांढरे बटण लावले आहे, म्हणजे दोऱ्याचा ताण कापडावर येणार नाही. ते बटण लावणारी व्यक्ती कोण होती हे मला कधीच कळणार नाही, पण तिला काय ठाऊक होते ते मला कळते. बाकीची तीन बटणे मी एकेकदा पुन्हा लावली आहेत, ते हिरव्या दोऱ्याचे अजून हललेले नाही. ज्या आवडीमुळे अनोळखी हातांचे कसब असे ओळखता येते, तिच्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

प्रश्न : मी सेकंडहँड कपडे नुकतेच घेऊ लागले आहे. घरी आणल्यावर काही ना काही दोष सापडतो : कधी काखेत डाग, कधी शिवण विरलेली. दुकानात नेमके काय पाहावे? कपडा चांगल्या प्रतीचा आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : सर्वांत आधी कपडा उलटा करा. सुलट बाजू विकणाऱ्याने नीट केलेली असते. कपडा खरा कसा आहे ते उलट बाजूने कळते. शिवणीच्या आत किती माया, म्हणजे टाक्यापलीकडचे जास्तीचे कापड, ठेवली आहे ते पाहा. बोटभर माया असेल तर कपडा पुढे सैल करता येतो, आणि मुख्य म्हणजे ज्याने तो शिवला त्याला तो पुष्कळ वर्षे टिकावा असे वाटत होते हे समजते. कडेचे धागे सुटू नयेत म्हणून यंत्राने घातलेल्या ओव्हरलॉकच्या टाक्यापर्यंत कापून टाकलेल्या कपड्यात बदलाला वावच नसतो. चौकटीचे किंवा पट्ट्यांचे कापड असेल तर बाजूच्या शिवणीवर रेघा जुळतात का ते पाहा. त्या जुळवण्यासाठी कापड जास्त लागते, म्हणून कपड्यात कोठे बचत केली आहे हे तेथे लगेच उघड होते.

त्यानंतर कपडा उजेडासमोर धरा. कोपर, बसण्याची जागा, मांड्यांचा आतला भाग आणि कॉलरची घडी या ठिकाणी कापड विरलेले असेल तर उजेड आरपार दिसतो. भोक शिवता येते. विरलेल्या कापडाला टाका धरत नाही, तो पहिल्याच ताणाला कापडासकट सुटतो. म्हणून नीट रफू करता येण्याजोगे एखादे भोक असलेला घट्ट कपडा मी घेते आणि एकही भोक नसलेला विरलेला कपडा ठेवून देते. काखेतला पिवळा, कडक झालेला डाग बहुधा घाम आणि घामरोधकातील ॲल्युमिनियमचे क्षार यांच्या संयोगाने पडलेला असतो. सुती कपड्यावरचा असा डाग थोडाफार फिकट होतो. रेशमी कपड्यात मात्र तेथले धागेच कमजोर झालेले असतात, तेव्हा ते जपून पाहावे.

जुन्या रेशमाबाबत आणखी एक सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रेशमाला वजन आणि सळसळ यावी म्हणून ते कथिलासारख्या धातूंच्या क्षारांत भिजवण्याची पद्धत होती. ते क्षार धाग्याला आतून पोखरत राहतात, आणि काही दशकांनी कापड घडीघडीवर सरळ रेषेत फाटू लागते. असे रेशीम कितीही देखणे असले तरी ते अंगावर घालण्याचे राहिलेले नसते आणि त्याला कोणतीही दुरुस्ती चालत नाही.

न वापरलेले म्हणजे चांगले, हा समजही सोडावा लागतो. मी एकदा अगदी कोऱ्या दिसणाऱ्या जुन्या बुटांची जोडी आनंदाने घेतली. पहिल्याच दिवशी भर रस्त्यात त्यांचा तळ ओल्या भाकरीसारखा तुटून पायाखाली सांडू लागला. पॉलियुरेथेन हा पदार्थ हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, आणि बूट खोक्यात पडून असले तरी ही क्रिया थांबत नाही. नकली चामड्याच्या जाकिटांची खपली सुटते तीही बहुधा याच कारणाने. तेव्हा बुटाचा तळ अंगठ्याने दाबून पाहा, नकली चामड्याची घडी घालून पाहा, आणि कमरेचे इलॅस्टिक ताणून कान द्या : आतून करकर आवाज आला तर रबर मेलेले आहे. इलॅस्टिक बदलता येते. बाकीच्या दोन गोष्टींना सहसा उपाय नाही.

कापड कशाचे आहे हे लेबलवरून कळत नसेल, तर घरी आणल्यावर शिवणीच्या मायेतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहा. सुती धाग्याला जळत्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख राहते. लोकर आणि रेशीम यांना जळत्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मिश्र धाग्यांत या खुणा एकमेकींत मिसळतात, पण सरावाने बोटांनाच पोत ओळखू येऊ लागतो आणि काडी पेटवण्याची वेळ फारशी येत नाही.

प्रश्न : ताई, रोज व्यायाम करते, वजन आटोक्यात आहे, तरीही जुन्या कपड्यांच्या बाबतीत मला नेहमीपेक्षा दोन-तीन आकडे मोठा साइझ लागतो. १९६० च्या दशकातला म्हणून घेतलेला एक अमेरिकन ड्रेस तर माझ्या आकड्याचा असूनही खांद्यांतून वरच सरकेना. मन खट्टू होते.

उत्तर : तुमच्या शरीरात काहीही बिघडलेले नाही, आकडेच सरकलेले आहेत. अमेरिकेत १९३९ आणि १९४० या काळात सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेण्यात आली आणि त्यांच्या आधारे पुढे १९५८ मध्ये स्त्रियांच्या कपड्यांसाठी प्रमाण मापे जाहीर झाली. ती पाळणे ऐच्छिक होते. उत्पादकांनी हळूहळू तोच आकडा अधिक मोठ्या कपड्यावर लावायला सुरुवात केली, कारण लहान आकडा गिऱ्हाइकाला सुखावतो. आणि १९८३ मध्ये ते प्रमाण अधिकृतपणे मागे घेण्यात आले. आज प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असतो. शिवाय त्या काळातले कितीतरी ड्रेस आतून घट्ट बांधणारी अंतर्वस्त्रे गृहीत धरून बेतलेले असत, त्यामुळे त्यांची कंबर आजच्या मोकळ्या अंगाला बसत नाही.

आकडा वाचूच नका. तुम्हाला उत्तम बसणारा एक कपडा घरी सपाट पसरून त्याचे खांदे, छाती, कंबर आणि लांबी टेपने मोजून ठेवा, आणि ती मापे घेऊन दुकानात जा. खांदा जुळला पाहिजे, कारण तो बदलणे सर्वांत अवघड असते. कंबर आणि लांबी कोणताही शिंपी पाहून देईल.

प्रश्न : मी पुरुष आहे. सेकंडहँड दुकानात मला एक सुंदर लिननचे जाकीट मिळाले, पण त्याची बटणे डाव्या बाजूला आहेत, म्हणजे ते स्त्रियांचे असावे. घालावे का?

उत्तर : खांदे बसत असतील तर जरूर घाला. बटणांची बाजू फक्त उजवी-डावी आहे. लिननला ती कळत नाही. १९६६ मध्ये इव्ह सॅं लोरॉं या फ्रेंच डिझायनरने पुरुषांचा टक्सिडो सूट स्त्रियांसाठी केला, तेव्हा काही ठिकाणी भुवया उंचावल्या होत्या, आणि आज स्त्रियांच्या अंगावरचा कोट-पँट कोणी वळूनही पाहत नाही.

प्रश्न : बांगलादेशातील राणा प्लाझाची दुर्घटना झाल्यानंतर मी नवे कपडे घेणे जवळजवळ बंद केले. तेव्हापासून सेकंडहँडच घेते आणि त्याचा मला अभिमान होता. पण मागच्या आठवड्यात कपाट आवरताना लक्षात आले की माझ्याकडे एकवीस जाकिटे आहेत. स्वस्त आहे, पर्यावरणासाठी चांगले आहे, असे म्हणत मी घेतच राहिले. इतके कपडे असूनही माझी म्हणावी अशी शैली काही दिसत नाही. माझे काय चुकते आहे?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण असा प्रामाणिक हिशेब फार थोडे लोक मांडतात. २४ एप्रिल २०१३ रोजी सावर येथील ती इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक जण जगभरच्या दुकानांसाठी कपडे शिवणारे कामगार होते. तो दिवस लक्षात ठेवून तुम्ही तुमची सवय बदललीत, याचे मोल एकवीस जाकिटांनी कमी होत नाही.

परंतु ही जुनी जाकिटे ज्या प्रवाहातून तुमच्यापर्यंत येतात तो प्रवाहही पाहायला हवा. घानातील अक्राच्या कांतामांतो बाजारात श्रीमंत देशांतून आलेल्या वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठे उघडले जातात. तेथील विक्रेते गठ्ठा न पाहता विकत घेतात आणि आत काय निघेल ते त्यांच्या नशिबावर असते. स्थानिक भाषेत या कपड्यांना 'ओब्रोनी वावू' म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे, कारण जिवंत माणूस इतके चांगले कपडे टाकून देईल यावर आधी कोणाचा विश्वास बसत नव्हता. जे खपत नाही ते नाल्यांतून वाहत समुद्रकिनाऱ्यावर जाते. चिलीतील आल्तो ओस्पिसियो या शहराजवळ, आताकामाच्या वाळवंटात, न खपलेल्या कपड्यांचे ढीग उघड्यावर पडलेले आहेत. तेव्हा सेकंडहँड कपडा विकत घेतल्याने तो कचऱ्यात जाण्यापासून वाचतोच असे नाही. कपाटात बंद राहिला तर त्याचे कचऱ्यात जाणे फक्त लांबते. तो अंगावर किती वेळा येतो, यावर सगळे अवलंबून आहे.

आता शैलीविषयी. तुम्हाला ती सापडत नाही, कारण एकवीस जाकिटांपैकी एकाचीही तुमच्याशी पुरेशी ओळख झालेली नाही. बिल कनिंगहॅम हे छायाचित्रकार अनेक दशके न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लोकांचे पोशाख टिपत राहिले; २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. स्वतः ते वर्षानुवर्षे फ्रेंच कामगार वापरतात तसले साधे निळे जाकीट घालत. त्याचे खिसे त्यांना सोयीचे होते, आणि पावसाळी कोट फाटला तर त्याला चिकटपट्टी लावून ते वेळ निभावत. दुसऱ्यांच्या कपड्यांवर इतके प्रेम करणारा माणूस स्वतःच्या बाबतीत एका जाकिटावर स्थिर होता, आणि गर्दीतही लोक त्यांना त्या निळ्या रंगावरून ओळखत. शैली अशी वापरातून येते. एकच कपडा पन्नास वेळा घातला की कोपराला तुमची घडी पडते, कोणत्या पँटवर तो चांगला दिसतो हे विचार न करता कळते, आणि त्यात काय खटकते तेही कळते.

एक मर्यादा घालून पाहा असे मी सुचवेन. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आले आणि ते १९४९ पर्यंत चालले. पहिल्या वर्षी प्रत्येक प्रौढ माणसाला ६६ कुपने मिळाली, आणि एका लोकरी ड्रेसला त्यांतली ११ खर्च होत. तेव्हा एक कपडा घेणे म्हणजे दुसरे चार-पाच सोडणे, असा विचार प्रत्येकाला करावा लागे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की वापरलेल्या कपड्यांना कुपने लागत नसत. आज आपल्या मनातही तीच सूट घर करून बसली आहे : सेकंडहँड आहे ना, मग मोजायचे कशाला? तुम्ही मात्र मोजा. पुढचे तीन महिने काही घेऊ नका आणि एकवीसही जाकिटे दांडीवर उलटी टांगा. जे घालाल ते सुलटे करून ठेवा. तीन महिन्यांनी जी उलटीच राहतील ती ओळखीच्या, नेमकी गरज असलेल्या माणसांना हातात नेऊन द्या. कपडे दान करण्याच्या पेटीत टाकून मोकळे होऊ नका, कारण तेथूनच ती पुन्हा त्या गठ्ठ्यांत जातात.

प्रश्न : जुन्या कपड्यांचा कुबट वास धुऊनही जात नाही. काय करावे?

उत्तर : वास कापडात धरून राहण्याचे कारण बहुधा ओलावा आणि बुरशी हे असते, म्हणून अत्तर मारून तो झाकू नका. धुता येणारा कपडा पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीप्रमाणे धुऊन वाऱ्यावर वाळवा. न धुता येणाऱ्या लोकरी कोटाला दोन-तीन दिवस सावलीत, वाहत्या हवेत टांगणे हा सर्वांत चांगला उपाय आहे. नाटकांच्या पोशाख विभागात आतल्या बाजूने पाणी मिसळलेली वोडका फवारतात. अल्कोहोल उडून जाताना वास घेऊन जाते. आधी शिवणीच्या आत एका कोपऱ्यावर रंग सुटतो का ते मात्र पाहून घ्या. आणि क्लोरीनचे ब्लीच लोकरीला किंवा रेशमाला कधीही लावू नका, त्याने धागा विरघळतो.

प्रश्न : आईचा जुना लोकरी स्वेटर मी घालते. त्याला कसर लागून दोन भोके पडली आहेत. कोणी म्हणते रफू दिसता कामा नये, कोणी म्हणते मुद्दाम वेगळ्या रंगाने करावे. तुमचे मत काय?

उत्तर : आधी कसर घालवा, मग रंगाचा विचार करू. उडणारे पतंग लोकर खात नाहीत, त्यांच्या अळ्या खातात, आणि त्यांनाही घामाचे किंवा खरकट्याचे डाग असलेली जागा जास्त आवडते. स्वेटर धुऊन पूर्ण वाळवा, हवाबंद पिशवीत घाला आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर तो घरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर थंड लोकरीवर हवेतले पाणी जमते. कपाटाचे कोपरेही झाडून घ्या.

रंगाबाबत माझे मत असे की स्वेटर आईचा आहे, तेव्हा तिच्याच कपड्यांत सापडणारा एखादा रंग घ्यावा. जपानमधील साशिको टाके मुळात कापड बळकट करण्यासाठी घालत, आणि त्या टाक्यांचे सौंदर्य त्या कामातूनच आलेले आहे. तुमचे रफूही मजबूत असेल तर दिसले तरी शोभेल.

स्वेटरच्या लोकरीहून किंचित बारीक लोकर घ्या. भोकाच्या मागे लाकडी चेंडू किंवा गुळगुळीत वाटी धरा, पण वीण ताणू नका. सुरुवात भोकाच्या काठापासून करू नका. बोटभर अलीकडे, जेथे वीण अजून घट्ट आहे, तेथून उभे धागे घालत भोक ओलांडा आणि पलीकडेही तितकेच पुढे जा. सगळे उभे धागे झाले की आडवा धागा एकाखालून, एकावरून नेत विणा. प्रत्येक वळणावर गव्हाच्या दाण्याएवढा फास मोकळा सोडा. तो विसरल्यासारखा दिसेल, तरी ओढून घट्ट करू नका : पहिल्या धुण्यात नवी लोकर आटते आणि ते सगळे फास आपोआप आत जातात.